‘बोलून काय होणार, मॅडम? काय करू ते सांगा’

पुरुषांनी आत्मपरीक्षण करत बसावं की सरळ कामाला लागावं? बायका हे नवऱ्यांबद्दल विचारतात, नवरे स्वतःबद्दल.

माझ्याकडे समुपदेशनाला आलेले, कारखान्यात मेंटेनन्स सांभाळणारे एक गृहस्थ, वय 48 (तपशील बदलले आहेत). वडील जाऊन 10 महिने झालेले. झोप नाही, घरात चिडचिड. पहिलंच वाक्य वर दिलंय तेच. करत तर ते पुष्कळ होते: पहाटे सायकल, सोसायटीच्या पंपाची दुरुस्ती, रविवारी घराला रंग. तीन भेटी मी ही यादीच ऐकली. चौथ्या भेटीत विचारलं, "आणि राहिलेलं काम कोणतं?"

बराच वेळ ते गप्प. मग म्हणाले, "अण्णांचं कपाट उघडलं नाही अजून."

"का बरं?"

"त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. मशीन बंद पडलं होतं, मी कट केला. रात्री ते गेले. उचलायलाच हवा होता मी."

त्या ‘च’पाशी मी त्यांना थांबवलं. इतक्या वर्षांत माझा कान त्या ‘च’ला तयार झालाय. "‘उचलायला हवा होता’ म्हणालात तर वाईट वाटेल, रडू येईल. ‘उचलायलाच’ म्हणता तेव्हा तुम्ही स्वतःवर खटला भरता आणि रोज शिक्षा सुनावता." त्यांनी चष्मा काढला. त्या दिवशी पुढे फारसं बोलणं झालं नाही, गरजही नव्हती.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांची, म्हणजे मनातला असा ‘च’ तपासून पाहणाऱ्या पद्धतीची. मुलींशी बोलायची भीती घालवायला वयाच्या 19व्या वर्षी एलिस न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात जात आणि महिनाभरात शंभरेक अनोळखी स्त्रियांशी बोलले. भेट एकीशीच ठरली, तीही आली नाही. भीती मात्र गेली. त्याच बागेत नुसत्या शंभर फेऱ्या मारल्या असत्या, तर गेली नसती.

म्हणून मी सांगते, आपण कोणतं काम टाळतोय हे सापडेपर्यंत विचार करा; सापडलं की उठा. तेच तेच घोळवत राहणं म्हणजे आत्मपरीक्षण नव्हे. आणि घरच्यांनो, "बोला ना" म्हणत समोर बसवू नका. स्कूटर पुसताना, भाजी निवडताना शेजारी बसा, शब्द येतात.

पुढच्या भेटीला ते अण्णांचं घड्याळ घालून आले.

"दोन तास लागले कपाटाला," म्हणाले. "त्यातला एक तास आम्ही दोघं नुसतेच बसून होतो."