युद्धामुळे विस्थापित झालेल्यांसाठी जुने कपडे पाठवावेत की पैसे?

आपल्या सोसायटीने युद्धामुळे घरदार सोडाव्या लागलेल्या कुटुंबांसाठी जुने कपडे गोळा करायला घेतले आहेत आणि ते पाठवावेत की त्याऐवजी पैसे द्यावेत, असे आपण विचारले आहे. पैसे द्यावेत. कपड्यांविषयीचे माझे मत कडवट आहे आणि त्याला कारण आहे.

मी पाणी व स्वच्छता या कामातील अभियंता आहे. २०१७ च्या अखेरीपासून काही महिने मी बांगलादेशातील कॉक्स बाजार जिल्ह्यात, कुतुपालोंगच्या छावणीत होते. त्या वर्षी २५ ऑगस्टनंतर म्यानमारच्या रखाइन प्रांतातील लष्करी कारवाईमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या सीमा ओलांडून आले आणि उखियाच्या टेकड्यांवरील झाडी तोडून तेथे बांबू व ताडपत्रीच्या झोपड्या उभ्या राहिल्या. माणशी रोज १५ लिटर पाणी आणि २० माणसांमागे एक शौचालय हे आमच्या कामातील किमान माप. पण पहिल्या धांदलीत जागा सापडेल तेथे, कधी हातपंपाला अगदी खेटून, उथळ खड्डे खणले गेले होते आणि ते पाहता पाहता भरले. पावसाळ्यापूर्वी ते उपसणे माझ्याकडे आले. एका सकाळी मैला ओढणारा पंप घरघर करून बंद पडला. पाइप सोडवला तेव्हा त्याच्या तोंडातून एका लोकरी स्वेटरची बाही बाहेर आली, आणि मग एकाच खड्ड्यातून आम्ही टोपलीभर चिंध्या काढल्या, ज्यांत पुरुषांच्या विजारी होत्या, लहान मुलाचा कोट होता आणि एक नेकटायही होता.

ट्रकांवरून लोकांच्या अंगावर फेकलेले हे कपडे सुरुवातीच्या आठवड्यांत रस्त्याच्या कडेला चिखलात ढिगांनी पडले होते. लुंगीसारखी थामी नेसणाऱ्या बाईने त्या दमट हवेत स्वेटर आणि विजारीचे काय करावे? तिने त्याचे फडके केले, आणि कचरा टाकायची सोय नसल्यामुळे फडके खड्ड्यात गेले. यात तिचा दोष मला दिसत नाही.

सुट्टीवर मिरजेला आले तेव्हा माझे थोरले दीर कॉलनीतून अशाच छावण्यांसाठी कपड्यांचे गठ्ठे बांधत होते. मी स्वेटरची हकिकत सांगितली. भाऊजी म्हणाले, ‘‘वस्तू निदान पोचते तरी. पैशात वाटेवर पाणी मुरतं.’’ मी गठ्ठा वाहून नेण्याच्या भाड्यात तेथल्या बाजारात किती साबण आणि झाकणाच्या बादल्या येतील याचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांनी विचारले, ‘‘आणि तुझे ते रिकामे संडास कोणाच्या पैशांचे होते?’’

ते मीच त्यांना कधीतरी सांगितले होते. आम्ही बांधलेल्या एका रांगेतील शौचालयांची दारे थेट वाटेकडे उघडत होती. २० माणसांमागे एक, असे माप कागदावर बरोबर भरले, पण बायका तिकडे फिरकत नव्हत्या. दिवसा जावे लागू नये म्हणून त्या पाणीसुद्धा कमी पीत होत्या. चितगावकडची एक दुभाषी मुलगी सोबत होती, तरी आधी विचारण्याचे आम्हाला सुचले नाही. शेवटी एका म्हातारीने ओढणीचे टोक हाताने आडवे धरून मला दाखवले, तेव्हा उमगले. त्या दिवशी भाऊजींपुढे मी गप्प बसले. आज उत्तर देते: पैसा हाताशी होता म्हणूनच बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा करता आला आणि दारे फिरवता आली. चुकीचा स्वेटर कसा दुरुस्त करायचा?

२०२३ साली निधी आटला, तेव्हा त्या छावण्यांतील माणशी मासिक अन्नमदत मार्चमध्ये १२ डॉलरवरून १० वर आणि जूनमध्ये ८ वर आली. ती तूट कपड्यांच्या कोणत्याही गठ्ठ्याने भरून निघाली नसती.

दोन गोष्टी मात्र मान्य केल्या पाहिजेत. पहिल्या दिवसांत रोहिंग्यांना उखिया-टेकनाफच्या गावकऱ्यांनी घरचा शिजवलेला भात दिला, आणि त्या घडीला तीच खरी मदत होती. माझा आक्षेप दूरवरून पाठवलेल्या वस्तूंना आहे. शिवाय पैसे म्हणजे प्रत्येक वेळी विस्थापितांच्या हातात नोटा असेही नाही, कारण तेथे सरकारी निर्बंधांमुळे रोख रक्कम वाटण्यावर मर्यादा होत्या आणि बऱ्याच कुटुंबांना कार्डावर ठरलेल्या दुकानातून शिधा मिळे.

कोणत्या संस्थेला द्यावेत, हे आपल्या प्रश्नात बहुधा गृहीत आहे. जिची माणसे त्या जागी आधीपासून आहेत तिला द्या, आणि तिने बांधलेली शौचालये बायका वापरतात का, हे देण्यापूर्वी विचारा. आमच्याकडील गठ्ठे भाऊजींनी अखेर पाठवलेच. त्यांत माझा एक स्वेटरही होता, असे मला नंतर कळले.