लागोपाठ दोन बैठका नाही

प्रिय मुली,

शांती आणि कल्याण.

तुझं पत्र दोनदा वाचलं. चार पानांतली साडेतीन पानं प्रार्थनेबद्दल आहेत, एक परिच्छेद आईबद्दल, आणि अगदी तळाशी, जागा संपताना लिहिलेलं एक वाक्य : ‘मावशी, बैठकीला यायलाच हवं का? मला तिथे काही मिळत नाही.’ मी उत्तर मुख्यतः त्या वाक्याला देणार आहे.

यायलाच हवं.

थर्ड ऑर्डरबद्दल, म्हणजे संत फ्रान्सिसच्या वाटेने घरी राहूनच चालणाऱ्या आपल्या सेक्युलर फ्रान्सिस्कन संघाबद्दल, तुझा जो गोंधळ आहे, त्याचं मूळ त्या वाक्यात आहे. तुला वाटतं, सेक्युलर फ्रान्सिस्कन होणं म्हणजे घरी एकटीने जास्त प्रार्थना करणं, आणि महिन्याची बैठक म्हणजे वरची फी. तसं असतं तर तुला संघाची गरजच नव्हती. सकाळ-संध्याकाळची स्तोत्रं कुणीही बाप्तिस्मा झालेला माणूस म्हणू शकतो, गळ्यात लाकडी ताव, म्हणजे T आकाराचा क्रूस, घालायला कुणाची परवानगी लागत नाही. संघाच्या सर्वसाधारण घटनेतलं 53वं कलम काढून बघ. स्थानिक फ्रॅटर्निटीत, म्हणजे आपल्या गावातल्या सभासदांच्या गटात, सामील असणं आणि तिच्या जगण्यात भाग घेणं हे सभासदत्वासाठी अत्यावश्यक आहे, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. संघाचा नियम तर तू अजून वाचलेलाच नाहीस, हे पत्रावरून कळतं. पोप सहावे पॉल यांनी 24 जून 1978 रोजी मंजूर केलेला तो नियम 26 कलमांचा आहे, अर्ध्या तासात वाचून होतो. आज रात्री वाच.

आता आई. तिला वाटतंय तू सिस्टर होणार. नाशकात वाढलेल्या बाईला तसं वाटणारच. इथे सिंहस्थ आला की तपोवनात आखाडे उतरतात, आणि धर्माला वाहून घेतलेला माणूस म्हणजे घर सोडलेला माणूस, हे आपल्या डोळ्यांत लहानपणापासून बसलेलं असतं. पण याच शहरातून पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या जातात. त्यांत चालणारे लोक लेकुरवाळे, शेती करणारे, दुकान चालवणारे. गळ्यात माळ घातली की काही गोष्टी सुटतात, काही नेमाने कराव्या लागतात, घर मात्र तेच राहतं. तुमच्या शेजारी माळकरी कुटुंब आहे ना? आईला म्हण, मी आपल्या पद्धतीने माळकरी होते आहे. उपमा शेवटपर्यंत लागू पडत नाही, पण आईची झोप परत यायला पुरेशी आहे.

लग्न करायचं असेल तर खुशाल कर. संघाचे दोन्ही आश्रयदाते संत संसारी : फ्रान्सचा राजा नववा लुई, अकरा मुलांचा बाप, हंगेरीची एलिझाबेथ, तीन मुलांची आई, विसाव्या वर्षी विधवा झालेली. परंपरा ज्यांना पहिले सभासद मानते ते पोजीबोन्सीचे लुकेझियो आणि बुओनादोन्ना नवराबायकोच होते. तो धान्याचा व्यापारी, साठा करून भाव चढायची वाट पाहणारा. कांद्याच्या लासलगावच्या जिल्ह्यात राहणाऱ्या तुला तो माणूस समजावून सांगायला नको. पुढे त्याने कोठारं गरिबांसाठी उघडली. दुसऱ्या एखाद्या ऑर्डरला कायमचं बांधलेलं असेल तर मात्र आपल्याकडे येता येत नाही. कार्मेलची, म्हणजे कार्मेलाइट ऑर्डरची, ओढ आहे असं तू लिहितेस, तर ते आधी तपास. मी रागावणार नाही.

टप्पे लिहून ठेव. सध्या तू चौकशीच्या काळात आहेस. कौन्सिलने तुझा लेखी अर्ज मान्य केला की प्रवेशाचा विधी होईल आणि तिथून किमान 1 वर्ष फॉर्मेशन, म्हणजे शिकण्याचा काळ. मग प्रोफेशन, म्हणजे नियमाप्रमाणे जगण्याचं वचन. मनाची तयारी पुरती नसेल तर आधी तात्पुरतं वचन देता येतं, दर वर्षी नवं करत, पण ही तात्पुरती वचनं सगळी मिळून 3 वर्षांपलीकडे ताणता येत नाहीत. त्यानंतरचं वचन आयुष्यभराचं. आणि हे वचन स्वीकारतं कोण, याचा विचार केलास? फादर मिस्सा अर्पण करतात, साक्षी असतात. चर्चच्या आणि संघाच्या नावाने वचन स्वीकारते ती मिनिस्टर, म्हणजे आम्हीच तीन वर्षांसाठी निवडून दिलेली, भाजीची पिशवी घेऊन बैठकीला येणारी बाई. जिथे तुला काही मिळत नाही त्याच खोलीतली. तिच्याकडे पाहून तू ‘आयुष्याचे सगळे दिवस’ म्हणणार आहेस. तिचं गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे हेही तुला माहीत नसेल, तर कुणाला शब्द देते आहेस तू?

रागावले. असो. पण बैठक चुकवू नकोस.

माणसं गळतात कशी ते सांगते, कारण हे कुठल्याच पुस्तिकेत नसतं. पहिल्या वर्षी उत्साह दांडगा. रोजची मिस्सा, संपूर्ण रोझरी, प्रार्थनाविधीच्या पाचही वेळा, बुधवार-शुक्रवार उपवास. तिसऱ्या महिन्यात अंग मोडतं. एक सकाळ चुकते, मग आठवडा चुकतो. आणि मग माणूस बैठकीला येईनासा होतो. आळस नसतो तो, लाज असते. ‘मी काय तोंड दाखवू, माझं तर काहीच होत नाहीये.’ एक बैठक अशी चुकली तर पुढच्या वेळी दारातून आत येताना पाय जड होतो. दोन चुकल्या की तिसऱ्या वेळी फोन उचलला जात नाही. म्हणून माझा एकच नियम, तुझ्यासाठी आणि सगळ्यांसाठी : लागोपाठ दोन बैठका कधीही चुकवायच्या नाहीत. प्रार्थना झालेली नसली तरी ये. भांडण झालं असलं तरी ये. विशेषतः तेव्हाच ये.

प्रार्थनेचं ओझं आत्ताच कमी कर. सकाळची प्रार्थना आणि संध्याकाळची प्रार्थना, बस्स. स्तोत्रांचं चक्र चार आठवड्यांचं असतं, एखादा दिवस बुडाला तर मागचं भरून काढायचं नाही, त्या दिवसाच्या पानावर यायचं. सहाला तुमची द्राक्षांच्या पॅकहाऊसची गाडी निघते, तेव्हा पुस्तक उघडणं शक्य नाही, मला कळतं. आपल्या संघात त्यासाठी जुनी सोय आहे, बारा वेळा ‘आमच्या स्वर्गातील बापा’. द्वारका चौकात सुरू केलंस तर आडगाव नाक्याच्या आत निवांत होतात, ओझरपर्यंत झोपायलाही मिळेल. रात्री पाच मिनिटं दिवसाचा झाडा. महिन्यातून एकदा पापनिवेदन, आणि ते बैठकीच्या आठवड्यातच ठेव म्हणजे विसरत नाही.

आता तुझी खरी अडचण, द्राक्षांचा सीझन. जानेवारी ते एप्रिल पॅकहाऊसला रविवार नसतो, ओव्हरटाइमचे पैसे घराला लागतात, आणि नेमका तेव्हाच ईस्टरआधीचा उपवासकाळही. कामामुळे, आजारपणामुळे, घरच्या जबाबदारीमुळे, अंतरामुळे येता न येणाऱ्यांना फ्रॅटर्निटीने जोडून ठेवावं, अशी तरतूद घटनेत आहे. ती तुझ्यासाठीही आहे. पण ती तरतूद आणि ‘नाही जमलं’ यांत फरक आहे. चार महिन्यांच्या चार तारखा आत्ता डिसेंबरातच सुपरवायझरला लेखी दे आणि त्यांतल्या दोन माग. दोन मिळतात. एक आड एक माग, म्हणजे नियम मोडत नाही. फेब्रुवारीत बाळयेशूच्या यात्रेमुळे आपली बैठक आठवडाभर पुढे जाते, ती तारीख वेगळी लिही. ज्या रविवारी येणार नसशील त्याच्या आधीच्या शुक्रवारपर्यंत सेक्रेटरीला फोन. मेसेज नको, फोन. बैठकीच्या वेळेला, चार वाजता, पॅकिंगच्या टेबलाशी उभी असशील तिथे एक ‘आमच्या बापा’ आमच्याबरोबर म्हण. त्या आठवड्यात एका आजारी सभासदाकडे जाऊन ये, रिकाम्या हाताने गेलीस तरी चालेल. झालं, जोडलेली राहिलीस.

‘काही मिळत नाही’ याचं दुसरं कारण तू स्वतः आहेस. तू येतेस ठोक्याला, बसतेस दाराजवळ, आणि चहाच्या आधी निघतेस. पंधरा मिनिटं आधी ये, खुर्च्या लाव. फॉर्मेशनचा धडा आदल्या दिवशी वाच आणि एकाच वाक्याखाली रेघ मार. शुभवर्तमानावर बोलायची वेळ आली की तीन मिनिटांत आटप, आणि मोबाइलवर ऐकलेल्या प्रवचनाचा सारांश सांगू नकोस. ‘शुभवर्तमानाकडून जीवनाकडे आणि जीवनाकडून शुभवर्तमानाकडे’, हे नियमातल्या चौथ्या कलमातलं चालणं आहे, आणि तुझ्याकडे जीवन भरपूर आहे. मागच्या वेळी जिन्यात तू मला सांगितलंस, घड देठाला धरूनच उचलायचा, मण्याला बोट लागलं तर वरची पांढरट पूड पुसली जाते. नासका मणी ओढायचा नाही, कात्रीने दांड्यापाशी कापायचा, नाहीतर रस शेजारच्या मण्यांवर सांडतो आणि पेटीत बुरशी धरते. आणि नवीन आलेल्या बाईने मणी ओढले म्हणून तिचे पैसे कापले, तिला कुणी शिकवलंच नव्हतं. हे तू जिन्यात का सांगितलंस? हे आत सांगायचं होतं. काम ही देणगी आहे आणि न्यायासाठी पुढे व्हावं, असं नियम सांगतो. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी तो नियम पेन्शनवर बसून वाचलेला आहे. त्यांना तुझं टेबल ऐकायची गरज आहे. आणि त्या बाईला कात्री धरायला तू शिकवलंस का, हे विचारणारं कुणीतरी तुलाही हवं आहे.

पैशाचं एका ओळीत. वर्गणीचं पाकीट बंद असतं, ऐपतीप्रमाणे टाकायचं, वीस रुपये असले तरी लाजायचं नाही, आणि खजिनदाराने नावं वाचून दाखवली तर तिथल्या तिथे हरकत घ्यायची.

मला हजेरीची वही घेऊन बसणारी बाई म्हणतात, ठाऊक आहे. फ्रान्सिसच्या संघात हजेरी कसली, प्रेम हवं, असंही ऐकवलं जातं. माझ्याकडे याला उत्तर आहे आणि ते मला सुखाचं नाही. त्या वहीत अशी नावं आहेत ज्यांच्यापुढे दोन फुल्या लागल्या तेव्हा मी फोन केला नाही. ‘मोठी माणसं आहेत, येतील’ असं म्हणून, प्रेमाने, मोकळीक देत. ती आली नाहीत. त्यांतल्या काहींनी कायमचं वचन दिलेलं होतं. त्यांनी शब्द मोडला असं लोक म्हणतात, पण शब्द दोन्हीकडून दिलेला असतो, आणि आमच्याकडून तो मी पाळला नाही. म्हणून आता फोन करते. हट्टी म्हणोत, पोलीस म्हणोत. तुला पहिल्या गैरहजेरीलाच फोन येईल, आणि तू उचलला नाहीस तर मी नाशिकरोडला तुमच्या घरी येईन. आईलाही भेटायचंच आहे.

आपली बैठक येत्या रविवारी चारला. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा धडा आहे, पानं सोबत पाठवते आहे. मिनिस्टरचं ऑपरेशन मंगळवारी आहे, त्यामुळे ती नसेल, आणि खुर्च्या लावायला मी एकटीच आहे. पावणेचारला ये.

तुझी,
मावशी