'आय डिडन्ट वेन्ट' चूक का? 'डिड'नंतर 'गो'च का येतं?

कारण इंग्रजीत त्या वाक्यात भूतकाळ एकदाच दाखवतात. 'आय वेन्ट'मध्ये तो क्रियापदावरच आहे. नकार किंवा प्रश्न आला की 'डू' मदतीला येतं, भूतकाळ स्वतःवर घेतं आणि 'डिड' होतं. मग मूळ क्रियापद कोरंच राहतं: 'आय डिडन्ट गो', 'डिड शी ईट?' मराठीत 'गेलो नाही' म्हणताना 'गेलो' तसंच राहतं ना, म्हणून आपली जीभ 'वेन्ट'कडे घसरते.

'वॉज', 'वेअर', 'कुड' यांना 'डिड' लागत नाही. आणि 'कोण गेलं?' विचारताना 'हू वेन्ट?' हेच बरोबर, कारण तिथे 'हू' स्वतःच कर्ता आहे. 'आय डिड गो'सुद्धा चुकीचं नाही हं, 'गेलो होतो की!' असं ठासून सांगायला तेच वापरतात.