बुद्धिबळाला क्रीडा प्रकार मानावं का? ("घाम येत नाही तो खेळ कसला?")

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा सातवीत आहे, बुद्धिबळ खेळतो, यंदा शाळेकडून जिल्हा स्पर्धेत उतरणार आहे. रविवारी जेवायला आलेले तुमचे मेहुणे त्याच्या देखतच "घाम येत नाही तो खेळ कसला?" म्हणून गेले. पोराचं तोंड पडलं. आता तुम्हाला विचारायचंय, की बुद्धिबळ खरंच क्रीडा प्रकारात बसतं का आणि पुढेमागे गुणांच्या वेळी काही अडचण येईल का.

मी ठाण्यात पी.टी. शिकवतो, बावीस वर्षं. मूळचा खो-खोवाला. गुडघा गेला म्हणून शिट्टी हातात आली. बुद्धिबळाशी माझा संबंध आला तो अपघातानेच. एका वर्षी शालेय स्पर्धेत पंच कमी पडले, तेव्हा "सर, तुम्ही बसा हो, नुसतं घड्याळ बघायचं असतं," असं सांगून मला बसवलं. घड्याळ बघण्यापलीकडे त्यात बरंच काही असतं हे पहिल्या तासातच कळलं, पण तोवर उठता येत नव्हतं. त्या दिवसापर्यंत मीही तुमच्या मेहुण्यांच्याच बाजूचा होतो, हे आधीच कबूल करतो.

कागदावरचं उत्तर एका दमात देऊन टाकतो, कारण त्यात वाद नाही. अर्जुन पुरस्कार सुरू झाला 1961 साली, आणि त्याच पहिल्या वर्षी तो मॅन्युएल ॲरन यांना मिळाला, बुद्धिबळासाठी. खेलरत्न सुरू झाला तेव्हा पहिला मानकरी विश्वनाथन आनंद. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने बुद्धिबळाच्या जागतिक महासंघाला 1999 मध्ये मान्यता दिली. आशियाई क्रीडा स्पर्धेत 2006 साली दोहाला बुद्धिबळ होतं आणि कोनेरू हम्पीने सुवर्ण आणलं. अलीकडे हांगझोउला आपल्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांना रौप्य मिळालं. आपल्या शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत कबड्डी, खो-खोच्या बरोबरीनेच बुद्धिबळाचे अर्ज भरले जातात. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांतल्या खेळाडू कोट्याच्या यादीतही ते आहे. म्हणजे सरकारदरबारी हा प्रश्न सुटून जमाना झाला.

ऑलिंपिकच्या मुख्य स्पर्धेत मात्र ते नाही. महासंघाला मान्यता मिळणं वेगळं आणि पदकांच्या यादीत जागा मिळणं वेगळं. सिडनीला 2000 साली आनंद आणि स्पेनचा ग्रँडमास्टर शिरोव्ह नुसते प्रदर्शनीय डाव खेळले, तेवढंच. मध्यंतरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये तरी घ्या, अशीही खटपट झाली, पण हिवाळी खेळ बर्फावरचाच असला पाहिजे असं सनदेतच लिहिलंय. थंडीत बसून खेळतात एवढ्यावर भागत नाही.

मेहुण्यांचा आक्षेप तुम्हाला बोचतो, कारण आपण "स्पोर्ट" हा शब्द उसना घेऊन भांडतो. मराठीत हे भांडण मुळात उभंच राहत नाही. आपल्याकडे पत्त्यांचा खेळ, सोंगट्यांचा खेळ, डोंबाऱ्याचा खेळ, थिएटरात रात्रीचा शेवटचा खेळ, सगळे खेळच. "क्रीडा" हा सरकारी परिपत्रकातला शब्द, त्यात काय बसवायचं ते सरकार ठरवतं. इंग्लंडमध्ये हेच भांडण कोर्टात गेलं होतं. तिथल्या क्रीडा संस्थेच्या व्याख्येत शारीरिक हालचाल हवी, म्हणून ब्रिजवाले (ब्रिज म्हणजे पत्त्यांचाच एक खेळ) दाद मागायला गेले आणि 2015 मध्ये हरले. अनुदान कुणाला द्यायचं, हा तिथला खरा प्रश्न होता. गंमत म्हणजे तोच ब्रिज 2018 च्या जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत होता आणि त्यात भारताला सुवर्ण मिळालं. जिंकलेल्या जोडीतले प्रणब बर्धन साठ वर्षांचे होते.

हे सगळं खरं असलं तरी माझं मत या यादीमुळे बदललं नाही. ते बदललं एका मुलीच्या हातामुळे.

ऑगस्टचे दिवस. नौपाड्याच्या बाजूच्या एका शाळेचा हॉल, बाकांवर अंथरलेले रबरी पट, आणि नेमके शेवटच्या फेरीला दिवे गेलेले. पंखे बंद. मुलींचा 14 वर्षांखालचा गट. त्यातली एक मुलगी चांगल्या स्थितीत होती. उंट आणि घोडा बाहेर काढून झालेले, आता कॅसलिंग करायचं, म्हणजे आपला किल्लेकोट: एकाच चालीत राजा आणि हत्ती दोन्ही हलवायचे, आणि राजा एकदाचा सुरक्षित. तिने हात पुढे केला आणि आधी हत्तीला लावला, मग राजाला. समोरच्या मुलीने लगेच हात वर केला. मी गेलो. नियम असा, की कॅसलिंग ही राजाची चाल आहे. आधी राजाला हात लावायचा. हत्तीला आधी हात लागला तर त्या बाजूला कॅसलिंग करता येत नाही, हत्तीच हलवावा लागतो. मुलगी म्हणाली, "सर, पण मला कॅसलिंगच करायचं होतं." ते मला कळत होतं, समोरचीलाही कळत होतं, शेजारच्या दोन पटांवर माना वळवून बघणाऱ्यांनाही कळत होतं. पण मला तिला हत्तीच हलवायला सांगावा लागला. राजा मध्येच अडकला, पुढे त्याच्यासमोरची पट्टी उघडली आणि दहाबारा चालींत डाव गेला. मधल्या वेळात तिची मान लाल झालेली, बाकाखाली एक पाय सारखा हलतोय, आणि दर चालीआधी तळवा फ्रॉकला पुसतेय. हरल्यावर तिने हात मिळवला, निकालाच्या चिठ्ठीवर सही केली आणि सरळ नळावर गेली.

मी खो-खोत असताना एकदा उपांत्य सामन्यात माझा पाय मध्यरेषेला लागला होता. अगदी नखाएवढा. पंचांनी फाऊल दिला. माझ्या मनात रेषा ओलांडायची नव्हती, हे कोणी विचारलं नाही, आणि विचारायचं कारणही नव्हतं. त्या मुलीला नियम सांगताना मला तोच फाऊल आठवला. जे केलं ते केलं, परत घेता येत नाही. घड्याळ थांबत नाही. आणि समोर एक माणूस बसलाय ज्याचं कामच तुला अडवायचं आहे. हे जिथे आहे तिथे माझ्या लेखी खेळ आहे. म्हणूनच गणिताच्या परीक्षेला मी खेळ म्हणणार नाही, ती कितीही अवघड असो. तिथे गणित उठून तुमचा पेन ओढत नाही. लुडोलाही नाही म्हणेन, कारण तिथे फासा माझ्यापेक्षा मोठा. कॅरमला हो, ब्रिजला हो. रमीचं विचारू नका, सासरेबुवा हे उत्तर वाचणार आहेत.

आता घामाचं. व्हॉट्सॲपवर एक आकडा फिरतो, की ग्रँडमास्टर दिवसाला 6000 कॅलरी जाळतात. बुद्धिबळाच्या बाजूने भांडणारे तोच तोंडावर मारतात. कृपा करून तुम्ही तो मेहुण्यांना सांगू नका. मेंदू स्वस्थ बसलेल्या शरीराच्या साधारण 20 टक्के ऊर्जा खातो आणि डोकं खाजवून विचार केला तरी त्यात फारसा फरक पडत नाही. बसून 6000 कॅलरी जळत असत्या तर घोडबंदर रोडवरच्या प्रत्येक टॉवरमध्ये जिमऐवजी पट मांडले असते.

पण शरीराचा संबंधच नाही, हेही खोटं. कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह यांची 1984 ची जगज्जेतेपदाची लढत सप्टेंबरात सुरू झाली ती फेब्रुवारीपर्यंत चालली. 48 डाव, त्यातले 40 बरोबरीत. कार्पोव्हचं वजन दहा किलोच्या आसपास उतरलं म्हणतात, आणि खेळाडू खेळायला तयार असताना महासंघाच्या अध्यक्षांनी खेळाडूंच्या थकव्याचं कारण देऊन सामना निकालाविनाच थांबवला. ते वजन मेंदूने जाळलं असं मला वाटत नाही. झोप उडते, घास उतरत नाही. आमच्या स्पर्धेत मी हे दरवर्षी बघतो: सकाळी आईने भरून दिलेला पोळी-भाजीचा डबा संध्याकाळी तसाच परत जातो. 2021 मध्ये दुबईला कार्लसन आणि नेपोम्नियाशी यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव 136 चाली, पावणेआठ तास चालला. कार्लसनने तो शेवटच्या तासांत जिंकला, आणि त्यानंतर समोरचा त्या लढतीत सावरलाच नाही. सातव्या तासालाही पाठ ताठ आणि डोकं जागेवर लागतं, ते काय नुसतं पुस्तक वाचून येतं?

शिवाय घामाचंच माप लावायचं तर नेमबाजीचं काय करायचं? तिथे तर सगळं कसब हलू नये यातच. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्य आणलं तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे खाल्ले. किती धावलास रे, असं कोणी विचारलं नाही. आणि उत्तेजक द्रव्यांची चाचणी बुद्धिबळपटूंनाही द्यावी लागते. 2008 च्या ड्रेस्डेन ऑलिंपियाडमध्ये (ही ऑलिंपिकहून वेगळी, बुद्धिबळाची देशोदेशींच्या संघांची स्पर्धा) युक्रेनचा इव्हान्चुक शेवटचा डाव हरला आणि तिरमिरीत चाचणी न देताच निघून गेला. प्रकरण बंदीपर्यंत गेलं होतं, नंतर त्याला सोडलं.

मेहुणे पुढे असंही विचारतील, की ताकद लागत नाही तर मुलींचा वेगळा गट कशाला? हा प्रश्न मात्र बरोबर आहे. आपल्या मुंबईच्या रोहिणी खाडिलकर 1976 साली, तेरा वर्षांच्या असताना, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. शेवटी जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला, की बाईला खुल्या स्पर्धेतून अडवता येणार नाही. आजही खुला गट सगळ्यांना खुला असतो. मुलींचा गट असतो तो मुली याव्यात म्हणून. आमच्या हॉलमध्ये मुलांच्या ओळी भिंतीपर्यंत जातात आणि मुलींची एक ओळही धड भरत नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला त्यानंतर तरी ती ओळ भरेल, अशी मी वाट बघतोय.

इथवर मी तुमच्या बाजूचा झालो. आता थोडा मेहुण्यांच्या बाजूने.

मी आधी ज्या शाळेत होतो तिला मैदान होतं. मोठं नव्हे, पण खो-खोचे खांब रोवता येतील एवढं. मग अर्ध्यावर नवी इमारत आली आणि उरलेल्यात स्कूलबस उभ्या राहायला लागल्या. त्याच वर्षी वेळापत्रकात पी.टी.च्या दोन तासांपैकी एक "इनडोअर क्रीडा" झाला. म्हणजे काय, तर तळमजल्यावरची एक खोली, पाच पट, दोन कॅरम बोर्ड. मी विचारलं तर उत्तर मिळालं, पावसाळा आहे सर. जून ते सप्टेंबर मी गप्प बसलो. नोव्हेंबरातही तेच. नोव्हेंबरात ठाण्यात कसला आलाय पाऊस? वार्षिक अहवालात क्रीडा विभागाच्या पानावर पटावर वाकलेल्या मुलांचा छान फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं, सर्व विद्यार्थ्यांचा क्रीडा उपक्रमांत सहभाग. कागदोपत्री चूक एक नाही. बुद्धिबळ क्रीडा प्रकारच आहे ना!

माझा राग बुद्धिबळावर नाही, या हिशोबावर आहे. बुद्धिबळ खेळ आहे, त्याला गुण द्या, रजा द्या, प्रवासखर्च द्या, अर्जुन द्या. पण तो व्यायाम नाही, आणि त्याच्या नावावर पोरांचं पळणं बंद करू नका. "घाम येत नाही" हे मेहुणे बरोबरच बोलले, फक्त चुकीच्या पोराला बोलले. तुमचा मुलगा खेळतोय. घाम कुठे गेला, हे त्याच्या शाळेला विचारायला हवं.

आणि घरीही बघा. दिवसाला पाचसहा फेऱ्या असल्या की जेवणानंतर कोण ढेपाळतं, ते मला आता चेहरे बघून सांगता येतं. संध्याकाळी तासभर मैदानावर जाणारी मुलं पाचव्या फेरीतही ताठ बसलेली असतात. हे माझं बावीस वर्षांचं निरीक्षण, यापेक्षा मोठा पुरावा माझ्याकडे मागू नका. तेव्हा आठवड्यातले चार दिवस त्याला पळायला पाठवा, नाहीतर उपवन तलावाकडे सायकल मारू दे.

गुणांचं म्हणाल तर दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांत बुद्धिबळ आणि मैदानी खेळ असा भेद नाही. स्पर्धा कोणत्या स्तरावरची, यावर ते ठरतं, आणि प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून मंडळाकडे जातो. शासन निर्णय मधूनमधून बदलतात, म्हणून नववीतच शाळेत ताजा निर्णय मागून वाचा. सोसायटीच्या क्लबहाऊसमधल्या रविवारच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावा, पण ते गुणांसाठी चालत नाही. शालेय जिल्हा स्पर्धेचं मात्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि त्यावरचं नाव जन्मदाखल्याप्रमाणे आहे ना ते तिथल्या तिथे तपासा. नावातल्या एका वेलांटीपायी तीन खेपा घातलेले पालक मी पाहिलेत.

स्पर्धेच्या दिवशी डब्यात पोळी-भाजी नको, केळी आणि दाण्याचा लाडू द्या, तेवढं तरी पोटात जातं. पाण्याची बाटली मोठी. आणि हॉलच्या दारात सोडताना एवढंच सांगा, की कॅसलिंग करताना आधी राजाला हात लावायचा.