पावसाळ्यात उभ्या गाडीची पेट्रोल टाकी आतून का गंजते

जूनपासून दिवाळीपर्यंत कोल्हापुरात उभ्या राहिलेल्या आपल्या जुन्या मोटारसायकलची पत्र्याची टाकी तळाशी गंजली, कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी भुकटी साचली, आणि आता टाकीला आतून जस्ताचा मुलामा द्यावा का, असे आपण विचारले आहे. जस्त मुळीच नको. ती पांढरी भुकटी बहुधा कार्बोरेटरच्या झिजलेल्या जस्ताचीच आहे.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते (आपल्याच जिल्ह्यातला ऊस असा टाकीत परत येतो, त्याला इलाज नाही). खरा उपद्रव पाण्याचा. इथेनॉल त्याला आसरा देते. अर्धी भरलेली टाकी दिवसा तापते, रात्री निवते आणि झाकणाच्या छिद्रातून दमट हवा आत ओढत राहते. १० टक्के मिश्रणात १५ अंश सेल्सिअसला साधारण अर्धा टक्का, म्हणजे १० लिटरमागे ५० मिलिलिटर पाणी विरघळून राहते; २० टक्क्यांत त्याहून जास्त मावते, पण गारवा वाढला की ही मर्यादा घटते. ती ओलांडली की पाणी बरेचसे इथेनॉल सोबत घेऊन तळाशी बसते. या थरातून पेट्रोलच्या तुलनेत वीज सहज वाहते आणि त्यात क्लोराइड व अ‍ॅसेटिक आम्लही असू शकते; त्यामुळे पेट्रोल कॉकचे (टाकीखालच्या तोटीचे) पितळ आणि टाकीचे पोलाद यांची जणू बॅटरीच तयार होते, जिच्यात झिजते ते पोलाद. कार्बोरेटरचे शरीर बहुधा जस्तमिश्रित धातूचे असते, तेही याच थरात खाल्ले जाते.

खात्री करायची असेल तर कॉक काढून अगदी तळाचे पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि तासभर हलवू नये. खाली वेगळा थर दिसला तर वरचे पेट्रोलही वापरू नये, कारण इथेनॉल निघून गेल्याने त्याचा ऑक्टेन अंक (इंजिनात ठोके न येऊ देण्याच्या क्षमतेचे माप) घसरलेला असतो.

दोन-तीन आठवड्यांसाठी टाकी काठोकाठ भरून ठेवणे पुरेसे आहे. महिनोन्‌महिने गाडी उभी राहणार असेल तर मात्र टाकी आणि कार्बोरेटरची वाटी दोन्ही पूर्ण रिकामी करावीत, टाकी कोरडी झाल्यावर आतून इंजिन ऑइलचा पातळ हात फिरवावा, आणि काढलेले पेट्रोल जस्ताच्या पत्र्याच्या डब्यात न ठेवता लगेच दुसऱ्या गाडीत वापरून टाकावे. कोल्हापूरच्या उद्यमनगर औद्योगिक भागात टाकीला आतून लेप करून घेणार असाल, तर आधी गंज पूर्ण काढायला सांगावे आणि लेप इथेनॉलला टिकणारा आहे, हे डब्यावर स्वतः वाचावे. जुन्या प्रकारचे काही लेप इथेनॉलने सुटतात आणि त्यांचे पापुद्रे थेट फिल्टरमध्ये जाऊन अडकतात.