न्यूयॉर्कच्या हाउसिंग लॉटरीत भाड्याच्या घरासाठी उत्पन्न किती लागतं? आम्ही तिघं आहोत, दोघांचा पगार येतो.

सरसकट एकच आकडा नसतो. प्रत्येक इमारतीच्या जाहिरातीत कुटुंबातल्या माणसांच्या संख्येनुसार किमान आणि कमाल उत्पन्न दिलेलं असतं, ते आधी बघा. त्यामागचा पाया म्हणजे एएमआय, त्या भागाचं मध्यम उत्पन्न. 2024 मध्ये तिघांच्या कुटुंबासाठी ते 1,39,800 डॉलर होतं. म्हणजे '60 टक्के एएमआय'च्या घराला कमाल मर्यादा 83,880 डॉलर आणि '80 टक्के'च्या घराला 1,11,840. आकडे दरवर्षी बदलतात.

सगळ्यात जास्त चूक होते ती पगार लिहिताना. बँकेत जमा होणारी रक्कम लिहू नका. कर कापण्याआधीचा पगार धरतात, तोही दोघांचा मिळून, ओव्हरटाइम आणि टिप्ससकट. पगारपावतीवर 'ग्रॉस' असं लिहिलेला आकडा तो हाच. स्वतःचा धंदा असेल तर मात्र खर्च वजा जाता उरलेली कमाई धरतात. माझ्या मैत्रिणीने हातात येणारा पगार लिहिला होता. नंबर लागला, कागद तपासले, आणि मर्यादेपेक्षा थोड्याशा फरकाने ती बाहेर गेली. दोन वर्षं वाट पाहिली होती हो तिने! अजून आठवलं की वाईट वाटतं.

उत्पन्न किमान आकड्यापेक्षा कमी असलं तरी अर्ज बाद होतो. सेक्शन 8 व्हाउचर, म्हणजे भाडं भरायला मिळणारी सरकारी मदत, असेल तर ही किमान अट लागत नाही.

अर्ज 'हाउसिंग कनेक्ट' या शहराच्या वेबसाइटवर फुकट भरता येतो. कुणी पैसे मागितले तर देऊ नका.