नागपुरात उन्हाळ्यातलं वीजबिल कमी कसं करावं? आधी वडिलांचा कूलर सुरू करा

नागपुरात स्वतःच्या दुमजली घरात, वरच्या मजल्यावर राहून, बैठकीत एसी असताना एप्रिल-मेचं बिल कमी कसं करावं, एवढंच तुम्ही विचारलं असतं तर मी उत्तर द्यायला बसलेही नसते. पण पुढे तुम्ही लिहिलंय, "टप्पा ओलांडला की सगळेच युनिट महाग पडतात, म्हणून रात्री दोननंतर वडिलांच्या खोलीतला कूलर बंद करतो, तरी बिलात फरक नाही." या एका वाक्यासाठी लिहिते आहे.

सगळेच युनिट महाग पडत नाहीत. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर १००, ३०० आणि ५०० युनिटांनंतर बदलतो. ३०० च्या वर गेलात तरी आधीच्या ३०० चा दर जिथल्या तिथे राहतो, चढा दर ३०१ व्या युनिटापासून पुढे लागतो. ३०५ युनिट झाले तर महाग पडले ते पाच. हा गैरसमज येतो कुठून तेही मला ठाऊक आहे. दिल्लीत ४०० युनिट ओलांडले की सरकारी सवलत पूर्ण जाते, तिथे खरंच पाच युनिटांनी बिल उडी मारतं. तिथला कुणी मित्र ऑफिसात असतो, तो सांगतो, आणि आपल्याकडे घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा कूलर बंद होतो.

आता त्या कूलरचा हिशेब. खिडकीतला साधा कूलर पंपासकट दोनशे-अडीचशे वॅट घेतो. रात्री दोन ते सहा बंद ठेवला तर फार तर एक युनिट वाचलं. महिन्याचे तीस, म्हणजे चढ्या दरानेही फार तर पाच-सहाशे रुपये. दीड टनाचा जुना एसी कंप्रेसर सुरू असताना तासाला दीड युनिटाच्या आसपास ओढतो. वडिलांची झोप मोडून जे वाचवता ते बैठकीतल्या एसीच्या पाऊण तासात संपतं. फरक दिसणार कसा?

माझ्या माहेरी हेच चालायचं. घर मानेवाड्याच्या बाजूला, वर उघडी गच्ची, आईची खोली नेमकी पश्चिमेची. दादा रोज संध्याकाळी मीटर बघून आकडा कालनिर्णयवर लिहायचा आणि महिन्याच्या शेवटी ३०० जवळ आले की रात्री उठून आईचा कूलर बंद करायचा. आई म्हणायची, "कर बंद बाबू, मले नाही होत गरम." बाबांची मिल बंद पडल्यावरचे दिवस तिने काढलेत, ती दुसरं काय म्हणणार! आणि तिला खरंच गरम होत नसेल, हीच तर भीती असते. वय वाढलं की तहान कमी लागते, घाम कमी येतो, उकडतंय हे कळणंही मंदावतं. त्यात बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात. म्हाताऱ्या माणसाच्या "मला चालतं" वर घराचा हिशेब बसवू नये.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते तापते नऊ दिवस, सुरू होता. सकाळी वहिनीचा फोन आला की आई काहीतरी वेगळंच बोलतेय, मला ताई म्हणतेय. ऑटोतून जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं. अंगातलं पाणी आणि सोडियम दोन्ही उतरलेलं. डॉक्टरांनी विचारलं, रात्री कुठे झोपतात? दादा म्हणाला, खोलीत कूलर आहे की. मी तिथेच उभी होते. डॉक्टरांसमोर भावाला खोटं पाडायचं नाही म्हणून गप्प बसले. घरी आल्यावर मात्र कागद घेऊन त्याला वर लिहिलाय तो अख्खा हिशेब मांडून दाखवला. मी अकाउंट्सचं काम करते, माझा हिशेब चुकलेला नव्हता. तो म्हणाला, "तू चार दिवस येतेस, बिल मी भरतो." दवाखान्याचं बिल त्या उन्हाळ्याच्या सगळ्या वीजबिलांपेक्षा जास्त होतं, तेही त्यानेच भरलं. आजही त्याचं म्हणणं एकच, आईला लग्नातला आमरस बाधला.

पुढच्या वर्षी पाडव्याच्या आधी वहिनीने आणि मी गच्चीवर चुना मारला. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे. वरच्या मजल्यावर तुमचा एसी हवेशी लढत नसतो, तो डोक्यावरच्या काँक्रीटशी लढत असतो. गच्ची दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते खोलीत सोडते. दहा वाजता स्टुलावर चढून छताला हात लावून बघा. गच्ची झाडून, धुऊन, ओली असतानाच चुन्याचे दोन-तीन हात द्यायचे, चुन्यात थोडा फेविकॉल घालायचा म्हणजे पांढरं पायाला लागत नाही. पावसात तो निघून जातो, दरवर्षी मारावा लागतो. मार्चमध्येच करा, मेमध्ये गच्चीवर पाय ठेववत नाही. पश्चिमेच्या भिंतीला आणि खिडक्यांना बाहेरून हिरवी जाळी लावा, भिंतीपासून थोडी सुटी. आतले जाड पडदे फारसे कामाचे नाहीत, कारण ऊन तोवर काच ओलांडून घरात आलेलं असतं.

त्या मेमध्ये आईचा कूलर रात्रभर चालला आणि बिल आदल्या मेपेक्षा कमी आलं, कारण बैठकीतला एसी संध्याकाळी लवकर थंडावा द्यायला लागला आणि लवकर बंद व्हायला लागला. दादा म्हणतो त्या वर्षी ऊन कमी होतं. नव्हतं. पारा ४५ च्या वर होता.

बाकीचं भराभर सांगते. कूलर खिडकीबाहेर, सावलीत हवा, आणि समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं हवं. सगळं घट्ट बंद करून कूलर लावणारे लोक मग चिकचिक होतं म्हणून एसी घेतात. ताट्यांमधली खस दर मोसमाला बदला. बोअरचं पाणी असेल तर क्षार बसून ती दगड होते आणि पंखा नुसती गरम हवा फेकतो. एसी २६ वर ठेवून वरचा पंखा लावा. एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं स्टार रेटिंग देणारी केंद्र सरकारची संस्थाच सांगते. जुना पंखा ७०-८० वॅट खातो, कमी विजेवर चालणारा नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास, आणि पंखे तर आपल्याकडे दिवसरात्र फिरतात. आधी ते बदला. सोलरचं विचाराल तर जरूर बसवा: पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो, शिवाय पॅनेलखालची गच्ची सावलीत जाते. पण घर तुमच्या वडिलांच्या नावावर असेल, तर आधी त्यांना नीट झोपू द्या आणि मग त्यांच्या सह्या मागा.

दोन गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि पाणी भरताना पिन काढूनच ठेवा. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात, अनेकदा पाणी भरताना. आणि टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा, साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

हे सगळं कोरड्या उन्हाळ्यापुरतं. जूनमध्ये एक-दोन सरी पडून हवा दमट झाली की कूलर कितीही चांगला असला तरी चालत नाही, मोसमी वारे नीट पोचेपर्यंतचे ते दिवस म्हाताऱ्यांना सगळ्यात जड जातात. तेव्हा वडिलांचा पलंग एसीच्या खोलीत हलवा, रात्रभर २६ वर चालू द्या आणि त्या महिन्यात मीटर बघायला जाऊ नका.